वाचकांचे प्रश्न: शपथ घेण्याआधीची कामं

परदेशी नागरिकत्वाबद्दल या सदरात मागे चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. सगळी छापता येणार नाहीत, म्हणून पाच निवडली. नावं नेहमीप्रमाणे काढली आहेत. मी वकील नाही, हे आधीच सांगते. लंडनमधल्या वकिलांच्या कचेऱ्यांत दुभाषी म्हणून आणि लोकांचे अर्ज भरून देण्यात माझी नोकरी झाली. त्यामुळे कायद्याची कलमं मला माहीत आहेत, आणि कलमं वाचून माणसं कुठे अडखळतात तेही. फी आणि फॉर्म सतत बदलतात. ते अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर बघा, माझ्या भरवशावर राहू नका.

टोरंटोहून एक वाचक: ताई, आमचं इथे बस्तान बसलंय. नवऱ्याने कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज केला, माझाही तयार आहे, फक्त पाठवायचा राहिलाय. सासरे फोनवर म्हणाले, "म्हणजे देश सोडलाच की तुम्ही." तेव्हापासून माझा हातच पुढे होत नाही. नवऱ्याने घेतलं आणि मी नाही घेतलं, तर चालतं का? मुलगी इथलीच, तिचा पासपोर्ट कॅनडाचा आहे.

चालतं की. नवराबायकोचं नागरिकत्व एकच असलं पाहिजे असं ना कॅनडा म्हणत, ना भारत. आमच्या घरात मी ब्रिटिश आणि हे भारतीय, असा संसार वर्षानुवर्षं सुखाने चालला. पॅरिसला जायचं ठरलं की यांना व्हिसासाठी बोटांचे ठसे, बँकेचे कागद, विम्याचे कागद गोळा करावे लागत. मी नुसती बॅग भरायची. भारतात उतरल्यावर हे भारतीयांच्या रांगेत आणि मी परदेशी माणसांच्या, एवढाच काय तो वियोग.

पण आमच्या घरातला एक फरक तुमच्या घरात लागू होत नाही, तो नीट लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. हे भारतीय पासपोर्ट खिशात ठेवून दर निवडणुकीला मतदान करत आणि वर उमेदवारांना नावंही ठेवत. कॅनडात तसं नाही. संसदेसाठी मत फक्त नागरिकांना. म्हणजे तुम्ही तिथे कर भरणार, मुलगी तिथल्या शाळेत जाणार, आणि त्या शाळेबद्दल, दवाखान्याबद्दल निर्णय घेणारी माणसं निवडताना तुम्ही घरी बसणार. भारतातलं मत कागदोपत्री तुमच्याकडे राहील. ते परदेशस्थ मतदार म्हणून फॉर्म ६ए भरून नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः आपल्या मतदान केंद्रावर जावं लागतं. तुम्ही शेवटचं मत कधी दिलंत? याचं उत्तर मला कळवू नका, स्वतःला द्या. माझ्या मते नागरिकत्वाचा निम्म्याहून जास्त अर्थ या मतात आहे. पासपोर्टची सोय त्याच्या नंतर येते.

आता सासऱ्यांचं. त्यांना एक जुनी गोष्ट सांगा. भगतसिंग थिंड नावाचे एक शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूचे, गदर चळवळीतल्या लोकांत वावरणारे. त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व मागितलं, तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, सबब त्याला नागरिक होता येणार नाही. त्यानंतर ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. सखाराम गणेश पंडित नावाचे वकील, त्यांनीच थिंड यांची बाजू मांडली होती, त्यांच्यावरही हा वार आला. ते कोर्टात लढले, जिंकले, आणि मग सरकारने बाकीच्यांचा पिच्छा सोडला. थिंड यांना अखेर १९३६ साली, माजी सैनिकांसाठीच्या नव्या कायद्याखाली नागरिकत्व मिळालं. सरसकट भारतीयांना ते दार १९४६ साली उघडलं. त्या कायद्यासाठी झटणारे दलिपसिंग सौंद १९४९ साली नागरिक झाले आणि १९५६ साली थेट अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले. या माणसांना देश सोडल्याचा आरोप चिकटवून दाखवा म्हणावं. जिथे राहतो तिथे बरोबरीचा हक्क मागणं आणि मायदेशाच्या स्वातंत्र्यासाठी झगडणं, दोन्ही ती एका वेळी करत होती.

हे सांगूनही सासरे गप्प होणार नाहीत. माझेही झाले नव्हते. वडीलधाऱ्यांना वाईट वाटतं ते कायद्याचं नसतंच, मुलं आता परत येणार नाहीत याचं असतं. त्यावर उत्तर अर्जात सापडणार नाही, तिकिटात सापडेल. दरवर्षी जा.

शपथेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण ती ऐकून काहींना धक्का बसतो. कॅनडात राजे तिसरे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या सिंहासनाला हाकललं, त्याच्यापुढेच. मी घेतली तेव्हा राणी होती. ब्रिटनमध्ये देवाला साक्षी ठेवायचं की नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगायचं, हे निवडता येतं. मी देवाला यात ओढलं नाही. राजघराण्याविषयी मनात काय आहे हे कुणी विचारलं नाही, आणि समारंभानंतर चहा चांगला होता.

आणि सगळ्यात कामाचं. अर्ज पाठवून काहीच तुटत नाही, परीक्षा पास होऊनही नाही. तुटतं ते शपथेच्या दिवशी. भारताच्या नागरिकत्व कायद्याचं, म्हणजे १९५५ च्या कायद्याचं, नववं कलम सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. त्यासाठी कुणाची सही लागत नाही, कुणी पत्र पाठवत नाही. त्या दिवसापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. कॅनडाचा पासपोर्ट यायला वेळ लागतो. तो आल्यावर भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून समर्पणाचं प्रमाणपत्र घ्यायचं, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात येऊन राहण्याची मुभा देणाऱ्या कार्डाचा अर्ज, मग त्या कार्डाची वाट. मधल्या काळात भारतात कुणी आजारी पडलं तर तुमच्या हातात उडी मारून विमानात बसण्यासारखा कागद नसतो. लोकांना रडताना मी पाहिलं ते याच फटीत, आणि त्यातल्या एकालाही देशप्रेमाचा प्रश्न पडलेला नव्हता. तेव्हा घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, लग्न असेल, घराची खरेदी-विक्री असेल, तर ते आधी उरका. पाठोपाठ शपथा घ्यायच्या असतील तरी दोघांनी एकाच महिन्यात घेऊ नका. एकाचे कागद पूर्ण होऊ द्या, म्हणजे धावून जायला घरातलं एक माणूस कायम मोकळं राहील.

म्युनिकहून एक वाचक: जर्मनीने आता दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली आहे. माझी इथे पाच वर्षं झाली, परीक्षाही पास झालो. इथलं कार्यालय भारतीय पासपोर्टबद्दल काही विचारत नाही. मग तो जमा केलाच नाही तर? माझे दोन मित्र तसंच करून आहेत.

मित्रांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्या मागे जाऊ नका.

२७ जून २०२४ पासून जर्मनीने आपल्या बाजूचं दार उघडलं, हे खरं. त्याआधी 'तुमचं जुनं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणा' असं जर्मन कार्यालयच सांगायचं, त्यामुळे लपवायला वावच नव्हता. आता ते विचारत नाहीत, म्हणून हा मोह. पण भारताचं नववं कलम जर्मनीने बदललेलं नाही, ते त्यांच्या हातात नाही. नागरिकत्वाचं पत्र तुमच्या हाती पडलं की भारतीय म्हणून तुम्ही संपलात, पासपोर्टवरची तारीख पुढची दहा वर्षं असली तरी. तो पासपोर्ट वापरणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. नूतनीकरणाच्या अर्जात तर 'मी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नाही' असं लिहून द्यावं लागतं, म्हणजे खोटं आणखी पक्कं. ओसीआय हवं तर समर्पणाचं प्रमाणपत्र लागतंच, आणि त्यावर नागरिकत्वाची तारीख दिसते. उशीर झाला की दंड. शिवाय उद्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीत कुणी नातेवाईक बिथरला, तर तो पहिली तक्रार कशाची करेल?

तेहतीसपैकी सतरा प्रश्नांची बरोबर उत्तरं देऊन तुम्ही पास झालात, अभिनंदन. पुढचा अर्ज वकिलातीत.

न्यू जर्सीहून एक वाचक: आई ६६ वर्षांची आहे, ग्रीनकार्ड मिळून नऊ वर्षं झाली. दरवर्षी नोव्हेंबर ते मार्च ती भारतात असते. तिचं नागरिकत्व करून घ्यावं असं मला वाटतं. इंग्रजी बेताचं आहे. तिला मराठीत परीक्षा देता येईल का?

अजून नाही. मुलाखतीच्या भाषेतून सूट मिळते ती वय आणि ग्रीनकार्डाची वर्षं दोन्ही बघून: पन्नाशी उलटलेली आणि वीस वर्षं ग्रीनकार्ड, किंवा पंचावन्न उलटलेली आणि पंधरा वर्षं. आईचं वय भरतं, वर्षं भरत नाहीत. ती भरली की नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाषा घेऊन मराठीत देता येते. वैद्यकीय कारणाने सूट मागण्याचा फॉर्म वेगळा आहे, तो डॉक्टरने भरायचा असतो. 'वय झालं, विसरतं' एवढ्यावर तो चालत नाही.

पण इंग्रजीला इतकं घाबरू नका. तीन वाक्यांपैकी एक नीट वाचायचं, तीनांपैकी एक ऐकून लिहायचं. बोलणं तपासतात ते अर्जातलेच प्रश्न विचारून: कुठे राहता, कधी बाहेर गेलात, कुणाबरोबर राहता. नागरिकशास्त्राची परीक्षा मात्र वाढली आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतले २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. आधी शंभरांतले दहा विचारत आणि सहा आले की सुटका. यादी उघड असते. ज्या बाईने अख्खं हरिपाठ तोंडपाठ केलंय, तिला एवढं जमतं, असा माझा अनुभव आहे.

भारतातल्या मुक्कामाचा हिशोब: अर्जाआधीच्या पाच वर्षांत निदान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवेत. दरवर्षी पाच महिने बाहेर म्हणजे सात महिने आत, पाच वर्षांचे पस्तीस. बसतं. पण एखादी फेरी सहा महिन्यांच्या पुढे गेली असेल तर सलग वास्तव्य मोडलं असं ते धरून चालतात आणि ते तसं नव्हतं हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. वर्षाच्या पुढे गेली तर घड्याळ पुन्हा सुरू. जुने पासपोर्ट काढा, शिक्क्यांच्या तारखा एका कागदावर मांडा.

एक गोष्ट जपा. ड्रायव्हिंग लायसन्सच्या किंवा ओळखपत्राच्या अर्जात मतदार नोंदणीचा चौकोन असतो. नागरिक होण्याआधी त्यावर खूण करायची नाही, चुकूनही मत द्यायचं नाही. या एका खुणेवरून माणसाला देशाबाहेर काढायची कारवाई होऊ शकते. आईच्या वतीने फॉर्म तुम्ही भरत असाल, तर जबाबदारी तुमची.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्रात तुमचं मत आहे, आईचं कुठेच नाही. तिला विचारलंत का? विचाराल तेव्हा हेही सांगा, कारण हे ऐकून बरेच आईवडील मान डोलावतात: ग्रीनकार्डवाल्याला भारतात जास्त राहायची चोरी असते, परत येताना अधिकारी 'इतके महिने कुठे होता' म्हणून विचारतो. नागरिकाला ही धास्ती नाही. अमेरिकेची नागरिक झाल्यावर ओसीआय कार्डावर ती भारतात दोन वर्षं सलग राहू शकेल आणि वाटलं तेव्हा नातवंडांकडे येऊ शकेल. भारतात निवांत राहता यावं म्हणून अमेरिकेचं नागरिकत्व घेणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. भारतातलं मत जाईल, हेही तिला सांगा. काहींना ते खरंच टोचतं. तिला टोचत असेल तर अर्ज करू नका.

मेलबर्नहून एक वाचक: सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावांची नावं आहेत, वडिलांकडून आलेली जमीन. मी ऑस्ट्रेलियाचा नागरिक झालो तर माझं नाव निघेल का? धाकटा भाऊ त्याचा हिस्सा मला द्यायचं म्हणतोय.

वारसाने आलेली शेतजमीन जात नाही. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, मळे, फार्महाऊस विकत घेता येत नाहीत, पण वारसाहक्काने आलेली ठेवता येतात. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. नागरिक झाल्या झाल्या तलाठ्याकडे जाऊन कुणी तुमचं नाव खोडणार नाही.

धाकट्या भावाचं प्रकरण मात्र वेगळं. जिवंत भावाने प्रेमाने दिलेला हिस्सा म्हणजे वारसा नव्हे, ती भेट झाली. घर किंवा फ्लॅट जवळच्या नातेवाइकाकडून भेट म्हणून घेता येतो, शेतजमीन नाही. हक्कसोडपत्राला कायदा काय मानेल यावर वकिलांचा सल्ला घ्या, आणि तो शपथेच्या आधी घ्या. तुमचा अर्ज लांबणीवर पडला तरी चालेल, पण हे मिटवल्याशिवाय समारंभाला उभे राहू नका. भावाभावांत आज जे तोंडी ठरतं, ते पुढच्या पिढीत कोर्टात जातं.

बाकी किरकोळ: मतदार यादीतून नाव स्वतः कमी करून घ्या, नागरिक नसताना ते तिथे राहणं बेकायदा आहे. पॅन कार्ड राहतं. बँकेला नागरिकत्व बदलल्याचं कळवा. सरकारी नोकरी, निवडणूक लढवणं हे सगळं बंद. संशोधन किंवा पत्रकारिता करायची असेल तर ओसीआयवाल्यालाही आता आधी विशेष परवानगी घ्यावी लागते, २०२१ पासून.

साताऱ्याहून एक वाचक: सगळे बाहेर जाणाऱ्यांचंच विचारतात. आमची सून बेल्जियमची, लग्नानंतर इथेच राहते, मराठी छान बोलते. तिला भारताची नागरिक व्हायचंय. होता येतं का?

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. होता येतं, आणि आपल्या भागाला हे नवं नाही. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून आल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या, १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या आणि इथल्या चळवळींबद्दल लिहीत राहिल्या.

भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या व्यक्तीला नोंदणीने नागरिकत्व मिळतं. अट सात वर्षांच्या वास्तव्याची: अर्जाआधीचे बारा महिने सलग भारतात, आणि त्याच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून निदान सहा वर्षं. माहेरच्या फेऱ्यांचा हिशोब आतापासून ठेवा. लग्नाचा संबंध नसलेल्या परदेशी माणसाला लांबचा रस्ता आहे, चौदा वर्षांतली अकरा आणि वर शेवटचं एक. त्या रस्त्यावर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा यावी लागते, आणि मराठी त्यात आहे.

सात वर्षं भरेपर्यंत तिला ओसीआय घेऊन ठेवा. लग्न नोंदलेलं असेल आणि दोन वर्षं झाली असतील तर मिळतं. मात्र ते लग्नाला बांधलेलं असतं, घटस्फोट झाला तर रद्द होतं. सुनेला हे सासरच्यांनीच सांगितलेलं बरं.

बेल्जियमला दोन नागरिकत्वं चालतात, भारताला चालत नाहीत, ना जाणाऱ्याची ना येणाऱ्याची. तिला बेल्जियमचं सोडावं लागेल. पण ते आधी सोडू देऊ नका. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्याकडे आणि तिथून केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. मंजुरीचं पत्र हातात पडल्यावरच जुनं नागरिकत्व सोडायचं, नाहीतर मधल्या काळात ती कुठल्याच देशाची उरणार नाही. आणि अर्जातली पानं तिची तिला भरू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.